मडक्यातलं सोनं

मोम्पोस या नदीकाठच्या गावचे सोनार दुकानातला केर फेकत नाहीत. तार ओढताना, कानस मारताना सोन्याची जी पूड सांडते ती धुळीसकट झाडून मडक्यात भरतात आणि ख्रिस्ती लोकांचा पवित्र आठवडा जवळ आला की भाजून नदीवर नेऊन धुतात. त्यातून निघेल ते सोनं बायकोचं, असा रिवाज. धुवायला मात्र दोघं लागतात. सोनार लाकडी परात पाण्यात फिरवतो आणि काठावरून सोनं वाहून जात नाही ना, यावर बायको डोळा ठेवते, कारण सोनाराला आपल्या हातांचा नको इतका भरवसा असतो.

एलिसेओच्या घरात हे त्रेचाळीस वर्षं चाललं. निकोलासा शेजारी बसून "हळू, हळू" म्हणायची आणि तो दर वर्षी चिडायचा. ती गेल्याला दोन वर्षं झाली होती. भरलेलं मडकं कोपऱ्यात तसंच होतं आणि ज्याच्यावर चिडावं असं घरात कुणी उरलं नव्हतं.

लेक यादिरा बारांकिया शहरातून दर रविवारी फोन करायची.

"पापा, तुम्हाला दिसत नाही. हट्ट सोडा आणि इकडे या."

"मला सगळं दिसतं. तू जाड झालीयेस."

"फोनवर दिसलं वाटतं?"

"आवाजात दिसतं."

ती हसायची आणि विषय टळायचा. खरं म्हणजे गेल्या वर्षी एका बाईच्या कानातल्याची जाळी त्याच्या हातून सांध्याला डाग देताना जळाली होती. त्यानं खापर कोळशावर फोडलं होतं. तेव्हापासून कुणी काम आणलं नव्हतं, आणि दिवसचे दिवस त्याच्याशी बोलणारं फक्त घड्याळ होतं. शेवटी त्यानं मनाशी ठरवलं. मडक्यातला केर धुवायचा, त्या सोन्याचे झुमके करून यादिराला पाठवायचे आणि तिचं तोंड एकदाचं बंद करायचं. नाही जमलं, तर गपचूप तिच्याकडे जायचं.

सकाळी तो घाटावर गेला. नदीनं या गावाकडे केव्हाच पाठ फिरवली आहे. एके काळी समुद्रावरच्या चाच्यांना भिऊन परदेशी राजाचं सोनं इथं आत येऊन लपायचं. मग प्रवाह गाळानं भरला, पाण्यानं पलीकडची वाट धरली आणि आगबोटी तिकडूनच जाऊ लागल्या. आता पायऱ्यांवर घोरपडीसारखे इग्वाना ऊन खात पडतात. त्यांच्यापासून थोडं दूर शेजारच्या उबाल्दिनाबाई माशांची खवलं काढत बसल्या होत्या.

"मास्तर, एकटेच? थांबा, मी काठ बघते," त्या म्हणाल्या. कारागिराला गावात मास्तरच म्हणत.

"तुम्ही तुमचे मासे बघा."

त्यानं परात पाण्यात धरली. गाळ निघाला, राख निघाली, मग काळी वाळू. हातांना सगळं आठवत होतं. शेवटी त्यानं परात उन्हात तिरकी केली, डोळ्यांजवळ नेली, बोटांनी तळ चाचपला. बोटांना नुसतं ओलं लाकूड लागलं.

"कुणीतरी मडक्यात हात घातलाय," तो म्हणाला. "चोर बसलेत गावात."

उबाल्दिनाबाईंनी सुरी खाली ठेवली.

"कुणी हात घातला नाही, मास्तर. काठावरून गेलं. पिवळं. मला इथून दिसलं."

"मग बोलला का नाहीत?"

"तोंड उघडेपर्यंत गेलंसुद्धा."

एलिसेओला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वाहून जाणारं सोनं दूर पायऱ्यांवर बसलेल्या बाईंना दिसलं होतं, त्याला नाही. परात तिथंच टाकून तो घरी आला आणि फोन लावला.

"काय झालं, पापा? आज रविवार नाही."

"मला दिसत नाही, यादिरा. तुझं खरं होतं. मी येतो तुझ्याकडे."

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला आणि यादिरा हळू बोलू लागली.

"पापा, तुमच्यासाठी ठेवलेल्या खोलीत आता सासूबाई राहतात, विल्मरची आई. जानेवारीपासून. मी सांगितलं होतं तुम्हाला. तुम्ही म्हणालात, बरं झालं."

म्हणाला होता. वर हसलाही होता, सुटलो म्हणून; त्यानंतर तिनं बोलावणंच सोडलं होतं, हे त्याच्या लक्षातही आलं नव्हतं.

"हो हो. म्हणालो होतो."

"मी विल्मरशी बोलून बघते. बाहेरच्या खोलीत एक खाट..."

"नको. तसं काही नाही गं. मी आपलं सांगून ठेवलं."

फोन ठेवून तो दुकानात जाऊन बसला. दुपारी उबाल्दिनाबाई तळलेला मासा आणि केळ्याचे काप घेऊन आल्या.

"कधी येतेय लेक न्यायला?"

"मागेच लागली होती. मीच नाही म्हटलं. मला इथंच करमतं."

"चांगलं केलंत," बाई म्हणाल्या.

त्यांनी ताटली त्याच्यापुढे ठेवली आणि दाराकडे वळल्या. मग परत फिरून ताटली आपल्याकडे ओढली, समोर बसल्या आणि माशाचे काटे काढायला लागल्या. एलिसेओनं या वेळी त्यांना ते काढू दिले.