घरटी एक माणूस

आमच्या नवघरच्या जुन्या गावात कुठलंही काम निघालं, की घरटी एक माणूस जातो. तळं साफ करायचं असो की देवळाला रंग द्यायचा असो. यादी मी करायची, कारण मी मास्तर. निवृत्त झालो तरी यादी काही सुटली नाही.

कोरोनाच्या त्या जुलैत पालिकेची आरोग्यसेविका साक्षी टेस्टची किट घेऊन आली, तेव्हाही गावकीचा म्होरक्या महिपत म्हणाला, "घरटी येक. गावकीचा नेम हाय."

"काका, सगळ्यांची करायचीय," साक्षी म्हणाली. "ताप नसलेल्यांचीसुद्धा."

"म्हंजे येक सापडला का गाव बंद कराला पत्रं ठोकाला मोकल्या!" महिपत म्हणाला.

लोक हसले. साक्षीने माझ्याकडे पाहिलं. पहिल्या बाकावरची मुलं पाहून सगळा वर्ग हजर, असं मी हजेरीत कधी लिहिलं नव्हतं. तरी त्या दिवशी घरटी एक नाव लिहिलं. प्रत्येक घराने आपला धडधाकट माणूस पाठवला. आमच्या घरातून मी गेलो. एक्केचाळीस जण, सगळे निगेटिव्ह. महिपतने पेढे वाटले.

दुसऱ्याच दिवशी मी ओट्यावर मुलांची शिकवणी पुन्हा सुरू केली. चार महिन्यांत पोरं पाढे विसरली होती. माझ्या बायकोने, पार्वतीने, त्यांच्यासाठी हौसेने पोहे केले.

"आजी, खारट झालेत!" महिपतची नात चांदणी ओरडली.

"चल, नाटकी! मला तर अळणी लागतायत," म्हणत पार्वतीने स्वतःच्या ताटलीत वर मीठ घेतलं. आम्ही सगळे हसलो. मीही.

आठव्या दिवशी तिला श्वास पुरेना. तीन ठिकाणी खाट मिळाली नाही. चौथ्या ठिकाणी घेतलं, आणि दोन दिवसांनी फोन आला. चेहरा पाहायला मिळाला नाही. तोवर महिपत ऑक्सिजनवर होता, आणि ओट्यावर येणाऱ्या अकरा मुलांपैकी सहा जणांच्या घरात कोणी ना कोणी खोकत होतं.

साक्षी पुन्हा आली. मी तोंडाला मास्क बांधून ओट्यावर एकटाच वही घेऊन बसलो. समोरच्या दारातून चांदणीने विचारलं, "गुरुजी, त्या दिवशी आजींची टेस्ट केली असती तर?"

मुलांच्या प्रश्नाला मी खोटं उत्तर देत नाही.

"तर कळलं असतं. मी तुम्हाला बोलावलं नसतं. तुझे आजोबा आज घरी असते."

तिने मागे वळून घरात पाहिलं. मग म्हणाली, "आमच्या घरचे सगळे लिहा. बाळसुद्धा."

तिच्यामागे तिचा बाप, भूपेश, उभा होता. त्याने होकाराची मान हलवली.

मग एकेका दारातून नावं येऊ लागली. म्हाताऱ्यांची, बाळंतिणींची, तान्ह्यांची. मागच्या वेळी एका पानावर मावलेलं गाव या वेळी सात पानं झालं.

माझ्या घरापुढे मात्र एकच नाव आलं.