फुंकू नका, आत ओढा

बोलतोय तो मी, दम्याचा पंप. खोक्यावर माझं नाव लांबलचक आणि इंग्रजीत होतं. परभणीचे छातीचे डॉक्टर मला ‘डिव्हाइस’ म्हणतात, त्यांच्या दवाखान्याखालचा मेडिकलवाला ‘मशीन’ म्हणतो आणि पोखर्णीची कोंडाबाई ‘पुंगी’ म्हणते. या तिघांत माझ्याशी सगळ्यात इमानाने वागली कोंडाबाई, आणि सगळ्यात जास्त बोलणी खाल्ली तीही तिनेच. म्हणून आज तोंड उघडतोय. एरवी आम्हा प्लास्टिकच्या वस्तूंना बोलायची हौस नसते.

माझी घडण अगदी साधी. मुठीत मावेल एवढी, दोन भागांची नळी. एका टोकाला तोंडात धरायची चोच, दुसऱ्या टोकाला चौकोनी भोक. भुकटी भरलेली कॅप्सूल त्या भोकात दाबून बसवायची आणि मला पिळायचं, की ती आतल्या आत दुभंगते. मग श्वास बाहेर सोडायचा, चोच ओठांत घट्ट धरायची आणि भुकटी जोरात, खोलवर आत ओढायची. थोडा वेळ श्वास रोखायचा. मग चूळ भरायची. संपलं! वाचायला जेवढा वेळ लागला, जवळपास तेवढाच करायला लागतो.

हे सगळं चित्रांसकट एका कागदावर छापलं होतं. अक्षरं मुंगीच्या पायाएवढी. खोक्याला जागा फार लागते म्हणून मेडिकलवाल्याने खोकं फोडलं आणि तो कागद काउंटरखालच्या टोपलीत टाकला. तिथून पुढे मला कसं वापरायचं हे जगात कोण कोणाला सांगणार होतं, देवच जाणे.

कोंडाबाईच्या नवऱ्याला, मल्हारीला, दमा होता. मेंढरांमागे जन्म काढलेला माणूस. बिडी त्याने केव्हाच सोडली होती, दम्याने मात्र त्याला सोडलं नाही. डॉक्टरांनी त्याच्या पाठीला नळी लावली, दोनदा ‘श्वास घ्या’ म्हणाले, आणि लिहिता लिहिता बोलले, “एक सकाळी, एक संध्याकाळी. बंद करायचं नाही. चला, पुढचा पेशंट.”

कोंडाबाईने तोंड उघडलं होतं. पुढचा पेशंट तोवर खुर्चीवर बसलाही होता.

खाली मेडिकलवाला त्याहून घाईत. “कॅप्सूल मशीनमधून घ्यायची, मावशी. सोपं असतंय.”

“मशीनमधून म्हंजी कसं रं बाबा?”

“अहो, डॉक्टरनं सांगितलं असंल की!”

डॉक्टरांना वाटलं मेडिकलवाला सांगेल, मेडिकलवाल्याला वाटलं डॉक्टरांनी सांगितलं असेल. आणि मी कोंडाबाईच्या पिशवीत, मेथीच्या जुडीखाली, पोखर्णीच्या वाटेला लागलो.

मल्हारी पावा फार सुंदर वाजवायचा. त्याचा पावा ऐकून मेंढरं चरता चरता वळायची. अशा माणसाच्या हातात तुम्ही चोच असलेली नळी देता आणि काही सांगत नाही! सुनेने, बबिताने, कशीबशी कॅप्सूल बसवली, मला पिळलं आणि सासऱ्याच्या हाती दिलं. मल्हारीने सवयीने आधी माझ्या अंगावर बोटं फिरवून भोकं शोधली. मग डोळे मिटले, चोच ओठांना लावली आणि फुंकलं.

सगळं औषध बाहेर. थोडं त्याच्या मिशीवर, बाकीचं बबिताच्या पिठाच्या परातीत.

“अवो मामा, पिठात दवा उडाली की सगळी!” बबिता ओरडली.

“वाजंना बी गेली ही,” मल्हारी म्हणाला.

कोंडाबाई हादरली. एवढं महागाचं औषध पिठात! तेवढ्यात शेजारचे गोविंदराव गुरुजी आले. निवृत्त शिक्षक, गावात शब्दाला वजन. मला त्यांनी उलटसुलट करून पाहिलं आणि निकाल दिला. “अहो, कॅप्सूल ही गिळायचीच वस्तू. आणि ही नळी छातीच्या व्यायामाची. माझ्या ऑपरेशननंतर मलासुद्धा एक दिली होती, चेंडूंची. रोज फुंकायचो. औषध वेगळं आणि व्यायाम वेगळा, कोंडाबाई.”

ती चेंडूंची नळीदेखील फुंकायची नसते, श्वास आत ओढून चेंडू वर उचलायचे असतात, हे गुरुजींना आजतागायत कोणी सांगितलेलं नाही. तेही बिचारे दवाखान्यातून तसेच बाहेर पडले होते.

मग घरात नेम सुरू झाला. सकाळी कॅप्सूल पाण्याबरोबर पोटात, त्यानंतर रिकाम्या माझ्यात फुंकर. संध्याकाळी पुन्हा तेच. फुफ्फुसासाठी केलेली भुकटी पोटात जाऊन काय दिवे लावणार? पण नेम चुकला नाही. कोंडाबाई शेतावर असली तरी औषधाला घरी यायची. मला धुवायची, पुसायची, पालथं घालायची. इतक्या मनापासून, इतकं नियमाने आणि इतकं चुकीचं औषध कोणी कोणाला दिलेलं मी ऐकलेलं नाही.

मल्हारीचा दम वाढतच गेला. आधी तो मारुतीच्या पारापर्यंत जायचा, मग वाड्यापर्यंत. वाडा म्हणजे मेंढरांचा, काट्यांच्या कुंपणाचा. पुढे तर मोरीपर्यंत जाऊन आला तरी भिंत धरून उभा राहायचा. कोंडाबाई त्याच्या पाठीला पाठ लावून बसायची, कारण आडवं पडलं की त्याला श्वास पुरायचा नाही. ती कधी जेवते, कधी पाठ टेकते, याची चौकशी कोणी केली नाही. भेटायला येणारे मात्र एकेक वाक्य टाकून जायचे. “लय वाळला की गं मल्हारी. नीट बघंनास व्हय तू त्याच्याकडं?”

हे ऐकून मला तडा कसा गेला नाही कोण जाणे.

त्यात मुलगा सुरज. मेंढरं आता तोच सांभाळायचा, पण कटकट करत. “आई, पंप एकदा लागला की सुटत न्हाई म्हणतेत. मोबाईलवर आलंय. बंद कर ते.”

“मोबाईल येतो का तुझा, ह्यांची पाठ चोळायला?” कोंडाबाई म्हणाली. दुसऱ्या दिवशी सुरजने खरी गोष्ट काढली. कापूस निघाला की मानवतकडचे शेतकरी खतासाठी मेंढरं रानात बसवायला बोलावतात. मल्हारी आणि कोंडाबाई दर साली कळप घेऊन जायचे. “औंदा आबा न्हाई जाऊ शकत. आबाला सोडून तू न्हाई जाऊ शकत. मी एकटा किती मरू? व्यापाऱ्याशी बोललोय. समदी मेंढरं देऊन टाकू.”

मल्हारी भिंतीकडे तोंड करून बसला. श्वास आला तर कळप राहणार होता, नाहीतर बापजाद्यांपासूनचा कळप व्यापाऱ्याच्या टेम्पोत चढणार होता.

कोंडाबाईने त्याला पुन्हा परभणीला नेलं. डॉक्टरांनी छाती तपासली आणि आवाज चढवला. “औषध देता की नाही वेळेवर? तुम्ही लोक दोन दिवस घेता, बरं वाटलं की बंद करता, मग आमच्या नावाने बोंब मारता.”

“एकबी टाइम चुकवला न्हाई, साहेब. नरसोबाची आन.”

“मग फरक का नाही? पेशंट ऐकत नाही, हाच खरा आजार आहे,” डॉक्टर म्हणाले आणि जास्त ताकदीची कॅप्सूल लिहिली. मी तिच्या पिशवीतच होतो. ‘बाहेर काढा हो मला, एकदा विचारा कसं घेता म्हणून!’ असं ओरडावंसं वाटलं. पण ऐकतो कोण? तिथे माणसाचंही कोणी ऐकत नव्हतं.

जास्त ताकदीची कॅप्सूलही इमानेइतबारे पोटात गेली.

मग एका दुपारी मल्हारीचे ओठ निळे पडले. सुरजने जीप आणली, परभणीच्या मोठ्या दवाखान्यात वाफ दिली, ऑक्सिजन लावला. जीव वाचला. घरी सोडल्यावर पुन्हा त्याच डॉक्टरांकडे दाखवायला गेले. सोबत बबिताही होती. डॉक्टरांनी कागद चाळले, मान हलवली आणि म्हणाले, “डोस अजून वाढवावा लागेल.”

त्या क्षणी कोंडाबाईने पिशवीत हात घातला आणि मला टेबलावर आपटलं.

“वाढवा! पर आदी हे सांगा, ह्याच्यात फुकून फुकून ह्या माणसाचा जीव जायलाय, तरी अजून किती फुकायचं?”

डॉक्टरांचा पेन थांबला. “फुंकून? आणि कॅप्सूल?”

“गोळी पाण्यासंगं. पयल्या दिसापासून.”

कंपाउंडर फिसकन हसला. डॉक्टरांच्याही ओठांवर हसू आलं, आणि तिथे ते चुकले.

“हसायलाव?” कोंडाबाई उभी राहिली. “मेंढरू आजारी पडलं तर दवा कशी पाजायची ते जनावराचा डाक्टर जबडा धरून दाखवतो. माज्या मालकाला कुणी दाखवलं? तुमी दाखवलं? त्या खालच्या पोरानं दाखवलं? मी एवड्या डाव तुमच्या दारात आले, ‘देता का’ इचारलं तुमी. ‘कसं देता’ कुणी इचारलं?”

“मावशी, बाहेर गर्दी आहे…”

“असू द्या. मी बसले खाली. करून दाखवा. मग मी करून दाखवते, तुमी बघा. बराबर हाय म्हणलात की उठते.” आणि ती खरोखर दारात फतकल मारून बसली.

बाहेर कुरबुर सुरू झाली. पण रांगेतल्या एका बाईने आत डोकावून आपल्या पिशवीतला पंप काढला आणि म्हणाली, “दाखवायलाच लागलाव तर आमचंबी बघा की, साहेब. आमीबी अंदाजानंच घ्यायलाव.” तिच्यामागे आणखी दोन हात वर आले. डॉक्टर त्या हातांकडे बघत राहिले. हसू कधीच गेलं होतं.

त्यांनी मला उचललं, कॅप्सूल बसवली, पिळलं, कसं धरायचं ते दाखवलं आणि मल्हारीच्या हाती दिलं. मल्हारीने डोळे मिटले आणि फुंकलं. भुकटी डॉक्टरांच्या टेबलावर. दुसरी कॅप्सूल. पुन्हा फुंकलं! जन्माची सवय, ती एका सांगण्याने जाते का?

“अवो, बशीतला च्या कसा पेता तुमी?” कोंडाबाई खालूनच म्हणाली. “फुर्रकन. आख्ख्या आळीला ऐकू जाईल असा. तसं ओढा!”

“बरोबर,” डॉक्टर म्हणाले, “फक्त घोट घशात थांबवायचा नाही. पार छातीपर्यंत जाऊ द्यायचा, आणि धरून ठेवायचा.”

मल्हारीने ओढलं. माझ्या पोटात भुकटी गरगरली आणि पहिल्यांदाच जिथे जायला हवी तिथे गेली. मग कोंडाबाईने करून दाखवलं, मग बबिताने. चूळ का भरायची, धाप वाढली तर काय करायचं, कोणत्या खुणा दिसल्या की वाट न बघता निघायचं, तेही डॉक्टरांनी सांगितलं. चहा निवायला याहून जास्त वेळ लागतो. एवढ्याशा वेळासाठी या माणसाने महिनोन्‌महिने भिंती धरल्या होत्या.

“आता पयल्यासारकं हुईल का?” तिने निघताना विचारलं.

डॉक्टर या वेळी कागदाकडे न बघता बोलले. “बरंच सुधारेल. पण जे दिवस वाया गेले, त्यात फुफ्फुसाचं नुकसान झालंय. तेवढं भरून येईलच असं सांगू शकत नाही. हे पहिल्याच दिवशी दाखवायला हवं होतं.”

कोणी दाखवायला हवं होतं, हे मात्र त्यांनी वाक्यातून वगळलं. माझ्या ते लक्षात आलं.

मल्हारी सुधारला. आडवा झोपू लागला, पारावर जाऊ लागला. लांबच्या रानात कळपामागे चालणं मात्र आता त्याच्याच्याने होत नाही. अर्धी मेंढरं सुरजने विकलीच. टेम्पो गेला तेव्हा मल्हारी वाड्याच्या तोंडाशी उभा होता. त्या दिवशी त्याला धाप लागली ती दम्याची नव्हती, आणि तिच्यावर माझ्यात इलाज नव्हता.

उरलेली अर्धी विकायची नाहीत म्हणून कोंडाबाई अडून बसली होती. पण ती घेऊन मानवतच्या रानात जायचं तर मल्हारीला कोणावर सोडायचं? तेव्हा बबिता म्हणाली, “आत्या, मला येतंय की आता. तुमी जावा. एकटीनंच समदं अंगावर घेऊन बसायचं काय नडलंय?”

कोंडाबाई सुनेकडे बघतच राहिली. इतक्या दिवसांत तिच्या अंगावरचं ओझं कोणी मागून घेतलं नव्हतं. मग ती ताटापाशी बसली आणि सावकाश, पोटभर जेवली. आज सकाळी ती सुरजबरोबर कळप घेऊन गेली.

मी आता जुना झालोय. चोचेला चीर गेलीय, पिळताना कुरकुरतो. लवकरच नवा पंप येईल आणि मी उकिरड्यावर जाईन. त्याचं दुःख नाही. पण नवाही त्याच काउंटरवरून येणार, आणि ‘सोपं असतंय’ असं म्हणूनच तो कोणाच्या तरी पिशवीत पडणार, याची मला चीड आहे. पंप असो, इन्सुलिनची सुई असो, की पोटात घातलेली जेवणाची नळी, ती घरी नेणाऱ्या माणसाला आधी करून दाखवा. मग त्याला तुमच्यासमोर करायला लावा. आणि त्याला स्वतःला झोप मिळते का, तेही विचारा. एवढा वेळ नसेल तुमच्याकडे, तर नसू दे. पण मग ‘पेशंट ऐकत नाही’ हे वाक्य पुन्हा तोंडातून काढू नका.