दसऱ्यानंतरचा पहिला टाका

शेणव्याच्या जयश्रीने वेल्डिंगचं हेल्मेट घेतलं, ही बातमी हेल्मेटच्या आधी गावात पोचली. गावाचं हे असंच. बाईने नवी नथ घेतली तर चार बायकांना कळतं, पण लोखंडाला हात लावला की अख्ख्या गावाच्या पोटात दुखतं.

शहापूरच्या दुकानातली गंमत तर तिने स्वतःच सगळ्यांना सांगितली. दुकानदाराने आधी काळा चष्मा पुढे केला. "वहिनी, हाच चालतो सगळ्यांना."

"डोळ्यांचं झालं. तोंडाचं आन् गळ्याचं काय? ते भाजू दे?"

मग त्याने हातात धरायची काळ्या काचेची ढाल काढली. जयश्रीने ती डाव्या हातात धरली, उजव्या हातात वेल्डिंगच्या रॉडचा होल्डर असल्यासारखं केलं आणि विचारलं, "आता पाइप कोण धरंल? तुमी येणार शेणव्याला?"

दुकानदार हसला. माळ्यावरून आपोआप काळं होणारं हेल्मेट खाली काढत म्हणाला, "भाऊंचं डोकं केवढं आहे?"

"त्यांचं डोकं घरी हाय. हे माझं मापा."

पहिलं हेल्मेट अंबाड्यावर अडलं. जयश्रीने भर दुकानात अंबाडा सोडून वेणी घातली, मागची चकती पिळून पट्टा आवळला आणि मान खाली झटकली. हेल्मेट खाली आलं, पण नाकावर आपटलं, म्हणून ते परत दिलं. दुसरं हलकं होतं आणि मानेला जडही वाटेना. ते घेऊन ती दुकानाच्या पायरीवर गेली. काचेच्या वर दोन बारकी गोल भिंगं होती. उजेड आधी त्यांना दिसतो आणि मग डोळ्यांपुढची काच काळी होते, हे तिला ठाऊक होतं. तिने हेल्मेट उन्हाकडे धरलं तशी काच गर्द झाली, भिंगांवर बोट ठेवलं तशी उजळली. "हेच द्या," ती म्हणाली.

वेल्डिंग ती शिकली होती मुरबाडला, मामाच्या वर्कशॉपात, लग्नाच्या आधी. नवऱ्याचा, हरेशचा, कामाला विरोध नव्हता. होती ती भीती. तरुणपणी तो महिनाभर एका ग्रिलवाल्याकडे राबला होता. उघड्या डोळ्यांनी ठिणगी बघत बसला आणि मग डोळ्यांत रेती भरल्यासारखं होऊन, बटाट्याच्या चकत्या पापण्यांवर ठेवून तळमळला. आता तो कल्याणला नोकरी करतो, पण ती आग विसरला नाही. मशीन घरी आलं त्या दिवशीच त्याने बजावलं होतं, "कर तू, माझं काय नाय. पण एकदा जरी डोळे चोळताना दिसलीस ना, मशीन त्याच दिवशी विकीन."

"विका," जयश्री म्हणाली होती. ती एवढ्या ठामपणे हो म्हणाली कारण तिच्या सासूबाई, जनाबाई, तिच्या बाजूने उभ्या होत्या. "पोरीच्या हातात कसब हाय तर करू दे," असं त्यांनी लेकाला आणि टोचून बोलणाऱ्या शेजाऱ्यांना एकाच दमात सुनावलं होतं.

घरातली लोखंडाची बारीकसारीक कामं करून झाली आणि दसऱ्याच्या तोंडावर बाहेरचं पहिलं काम आलं. पाड्यावरच्या धाऊच्या शेळ्यांच्या वाड्यातून बिबट्याने एक शेळी उचलली होती. त्याला लोखंडी दार हवं होतं. "शहापूरचा माणूस आज येतो उद्या येतो करतोय. तू करशील?" एवढंच त्याने विचारलं. जयश्रीला आतून इतका आनंद झाला की तिने हो म्हणायच्या आधीच दाराचं माप विचारलं. हे दार झालं की ती वेल्डर. नाही झालं तर हौस म्हणून लोखंड जाळणारी हरेशची बायको, आणि पुन्हा तिच्याकडे कोणी फिरकणार नाही.

दसऱ्याला जनाबाईंनी यथासांग पूजा मांडली. विळा, कोयता, नांगराचा फाळ, मोटारसायकल, वेल्डिंगचं मशीन, ग्राइंडर, हेल्मेट, सगळ्यांना हळदकुंकू, झेंडू आणि आपट्याची पानं. हरेशचा मोबाइलही त्यातून सुटला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जयश्रीने अंगणात दाराच्या पाइपांची चौकट मांडली, सुताने कोन तपासला, हातमोजे चढवले, झेंडू बाजूला ठेवून हेल्मेट घातलं. मान झटकली आणि पहिला टाका मारायला रॉड टेकवला.

पांढरा लख्ख उजेड थेट डोळ्यांत शिरला.

तिने झटक्यात रॉड उचलला, हेल्मेट काढलं आणि डोळे मिटून ओट्यावर बसली. पापण्यांच्या आत हिरवी-जांभळी वर्तुळं फिरत होती. काच काळी झाली नाही तरी डोळे भाजणारी झळ ती अडवते, हे मामाने शिकवलं होतं, त्यामुळे ती घाबरली नाही. पण हात आपसूक डोळ्यांकडे गेला, आणि नेमका तेव्हाच सुट्टीवर असलेला हरेश चहा घेऊन बाहेर आला.

"झालं?" त्याचा चेहरा उतरला. "सांगितलं होतं का नाय मी?"

"थांबा जरा." जयश्रीने हेल्मेट उलटसुलट केलं. ग्राइंडरने घासताना काच काळी होऊ नये म्हणून असलेलं बटण चुकून दाबलेलं नव्हतं. सेल ठीक होता. मग तिने पुढची बाजू पाहिली. दोन्ही भिंगं हळदकुंकवाने लिंपलेली होती, वाळून घट्ट बसलेली.

तिला सगळं कळलं. समोर उंबऱ्यात जनाबाई वाल सोलत बसल्या होत्या. एक शब्द बोलली असती तर जयश्री सुटली असती. एरवी तिची जीभ कुणाचं ऐकत नाही, दुकानदाराला विचारा. पण आपल्यासाठी गावाशी भांडणाऱ्या बाईला, तिच्या लेकापुढे, तुमच्या पूजेने माझा घात केला म्हणायचं? जयश्रीला ते फार कडू वाटलं. तिने पदर ओला करून भिंगं पुसली.

"बटण चुकलं माझं," ती म्हणाली.

"आज बटण चुकलं, उद्या डोळा जाईल. शब्द दिला होतास तू." हरेश रागावला नव्हता, हादरला होता. तो खाली वाकून मशीनची केबल गुंडाळायला लागला. धाऊला काय सांगायचं, एवढंच जयश्रीच्या मनात येत राहिलं.

वालाचं सूप बाजूला सरकलं. जनाबाई जवळ आल्या. "पदर बघू गो तुझा. लाल काय लागलाय?"

"गंज हाय, आई."

जनाबाईंनी पदराचं टोक नाकाशी नेलं. "गंजाला हळदीचा वास येतो का?" मग त्या हेल्मेटकडे बघत राहिल्या, आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला. "ते दोन बारके डोळे दिसले. म्हटलं, हे माझ्या पोरीचे डोळे राखतात, यांना आधी लावू. चांगलं चोपडून लावलं गो मी."

"आई, तुमाला काय ठाऊक..."

"गप. तू खोटं बोललीस, तेही धड जमलं नाय." त्या लेकाकडे वळल्या. "हरेश, बटण तिचं चुकलं नाय. चूक माझी हाय. ज्याची चूक त्याला विकायचं ना? मग चल, मला ने धसईच्या बाजारात. बघू कोण घेतंय."

हरेशच्या हातातली केबल तशीच राहिली. तो आईकडे बघे, बायकोकडे बघे. शेवटी त्याने गुंडाळलेली केबल उलगडायला सुरुवात केली, आणि सगळी उलगडल्यावर हळूच विचारलं, "पाइप धरू?"

जयश्रीने आधी हेल्मेट उन्हाकडे धरून पाहिलं. काच गर्द झाली. आपल्या डोळ्यांपुढची वर्तुळं पूर्ण विरेपर्यंत ती थांबली, आणि मग तिने जुना हातमोजा त्याच्याकडे फेकला. "धरा. पण तोंड भिंतीकडं. आई, तुमी आत जा."

वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखा हरेश भिंतीला तोंड करून उभा राहिला, हात मागे करून पाइप धरला.

"तुला दिसतंय ना नीट?" त्याने भिंतीलाच विचारलं.

"मला दिसतंय," जयश्री म्हणाली आणि मान झटकली. "तुमी बघू नका."