चादरीखालची मोठी

त्या मालिकेत अकरा वर्षांत चौदा माणसं मेली आणि त्यांतली सहा परत आली. धाकटा दीर दरीत कोसळला होता, तो दीड वर्षाने दाढी वाढवून आला. नणंद जळाली, ती नवं नाक घेऊन आली. सासरे तर दोनदा गेले; दुसऱ्यांदा ते काम करणारे गृहस्थच गेले, तेव्हा सगळ्यांचा नाइलाज झाला. लेखिकेला ही सगळी जा-ये तोंडपाठ होती, कारण यांना घालवलं तिने आणि परत आणलं तेही तिनेच. धंद्याचा नियम एकच होता: चेहरा दाखवला की माणूस मेला. गाडी जळाली, बोट बुडाली, चादरीखालून नुसता हात लोंबला, तर तो मेला नाही, रजेवर गेला.

मोठी ही त्या मालिकेतली थोरली सून. सुरुवातीला तिला भागात दोन वाक्यं असायची, ‘चहा ठेवू?’ आणि ‘ते अजून आले नाहीत.’ काम करणारी बाई चाळिशीची, नाटकातून आलेली, कुरकुर न करणारी. हळूहळू सेटवर सगळे तिलाच मोठी म्हणायला लागले. मेकअपच्या खोलीत लेखिका तिच्या शेजारच्या खुर्चीत बसून पुढचे संवाद खरडायची आणि मोठी बोलायची. केसांत पिना खोचता खोचता माणूस जे बोलून जातं, ते त्याने एरवी सख्ख्या बहिणीलाही सांगितलेलं नसतं. तशाच एका दुपारी ती म्हणाली की तिची लेक चार वर्षांची असताना तापात गेली. लेकीला बंद कपाटाची भीती वाटायची, आत कुणीतरी अडकलंय म्हणायची. म्हणून मोठी घरचं कपाट अजूनही वीतभर उघडं ठेवते.

लेखिकेने ते पाचशेव्या भागात घातलं. विचारलं नाही. विचारायचं मनात होतं, पण सकाळी पानं द्यायची होती, आणि मोठीने नाही म्हटलं असतं तर दुसरं काही सुचत नव्हतं. मोठीने कागद वाचला, एकदा लेखिकेकडे बघितलं आणि प्रसंग एका टेकमध्ये करून टाकला. कॅमेरामन बाहीने डोळे पुसत राहिला. त्या आठवड्यात मालिका पहिल्या नंबरावर गेली. ‘चहा ठेवू’वाली मोठी जितंजागतं माणूस झाली, बाजारात बायका तिचा हात धरून रडायला लागल्या. त्या दोघी याबद्दल कधी बोलल्या नाहीत. मैत्री मात्र घट्ट झाली, तीही अशी की एकीने दुसरीला काही मागायची सोय उरली नाही.

नवव्या वर्षी मोठीची कंबर गेली. डॉक्टरने तेरा तासांची ड्यूटी बंद केली. मोठीने ते भाऊंना सांगितलं. भाऊ म्हणजे निर्माते. चांगल्या दिवसांत सगळ्यांचे भाऊ, भांडण निघालं की कुणाचेच नाहीत.

“मग बसून कर की,” भाऊ म्हणाले. “दोन वर्षं तू बसूनच रडतेयस.”

“बसायलाही मनाई आहे, भाऊ. आडवंच पडायचंय.”

“आडव्या सुनेला घरात काय काम देऊ मी?” भाऊ आपल्याच विनोदावर हसले आणि मग कामाचं बोलले. अपघात दाखवू, तोंडाला पट्ट्या बांधू, पट्ट्या सुटल्या की आतून नवी निघेल. पात्र चालतंय, ते कशाला हलवायचं?

संध्याकाळी मोठीने लेखिकेला जिन्यात गाठलं. कठड्याला धरून उभी होती.

“मला मार,” ती म्हणाली.

“अगं, काहीतरीच काय.”

“थट्टा करत नाहीये. मग माझ्या जागी दुसरी सून आणा, त्या नवीला काय हवं ते घेऊ दे. कपडे घेऊ दे, खोली घेऊ दे. नवरा तर आधी घेऊ दे, जवळ आला की नुसता लसणाचा वास येतो. पण ते कपाट तिने उघडायचं नाही. ती माझी लेक आहे.”

इतक्या वर्षांत ती हे पहिल्यांदा बोलली. लेखिकेला कुठे बघावं कळेना.

“आणि चेहरा दाखव,” मोठी म्हणाली. “तुमचे धंदे मला माहितीयत.”

“दाखवते. शब्द दिला.”

लेखिका भाऊंशी चार दिवस भांडली. नोकरी सोडायची धमकी दिली, जी तिने आयुष्यात कधी दिली नव्हती. शेवटी चॅनलला मरणाचा आठवडा आवडला आणि भाऊंनी मान डोलावली. तिने पान लिहिलं: ‘मोठीचा चेहरा. शांत. दहा सेकंद.’ खाली दोन रेघा ओढल्या.

चित्रीकरणाच्या दिवशी इस्पितळाच्या सेटवर लोखंडी खाट होती, त्यावर बोटभर जाडीची गादी. चेहरा सगळ्यात शेवटी घ्यायचा ठरला, आधी घरातल्या सगळ्यांचं रडणं. नणंदेला रडू येईना. नवऱ्याला आलं ते थांबेना. मधेच एक दिवा उडाला. मोठी चादरीखाली साडेतीन तास पडून होती. लेखिका जवळ गेली तर चादर तोंडाशी ओली झाली होती. मोठीने कण्हू नये म्हणून ती दातांत धरली होती.

ते काही लेखिकेला बघवेना.

“ऊठ,” ती म्हणाली. “घरी जा तू. चादरीखाली दुसरी कुणी झोपेल. चेहऱ्याचं उद्या सकाळी घेऊ, दहा सेकंदांचं तर काम.”

“उद्या नक्की?”

“नक्की गं.”

दोघांनी धरून मोठीला गाडीत घातलं. दुसऱ्या दिवशी तिला अंथरुणातून उठता आलं नाही. डॉक्टरने दीड महिना हलायचं नाही म्हणून सांगितलं. इस्पितळाचा सेट दुपारी मोडला आणि तिथे कोर्ट उभं राहिलं. भाग चादरीवरच गेला. लेखिकेने मनाची समजूत घातली: पुढचे आठ भाग सगळं घर रडणार आहे, भिंतीवर फोटो लागणार आहे, आता चेहऱ्याचं कोण विचारतंय?

मोठीने फोनवर विचारलं, “झालं ना?”

“झालं,” लेखिका म्हणाली. मोठीने स्वतःचं मरण बघितलं नाही. जमणार नाही म्हणाली.

पाच महिन्यांनी मालिका घसरली. भाऊंनी लेखिकेला बोलावून खुर्ची दिली, चहा मागवला. तेव्हाच ती काय ते समजली.

“तो भाग परत काढून बघितला मी,” भाऊ म्हणाले. “चादर आहे, चेहरा कुठेच नाही. मला वाटलेलं तुम्ही मैत्रिणीपायी भावनेच्या भरात वाहवत गेलात. पण नाही हो ताई, वाट ठेवलीत. अनुभव तो अनुभव.”

“मी वाट ठेवली नव्हती. तिची कंबर दुखत होती.”

“असू दे, असू दे. मोठी परत येतेय. नवा चेहरा. आणि पहिल्याच भागात कपाट.”

“मी नाही लिहिणार.”

“नका लिहू,” भाऊ न चिडता म्हणाले. “भाचा लिहितो हल्ली माझा.”

भाच्याची पानं त्यांनी पुढे सरकवली. त्याने कपाटात लेकीचं भूत घातलं होतं. भूत बोबडं बोलत होतं. लेखिकेने पानं शेवटपर्यंत वाचली, घडी घालून पर्समध्ये टाकली आणि म्हणाली, “द्या, मीच करते.” निदान भूत तरी नको, असं तिने वाटेत स्वतःला तीन वेळा सांगितलं. रात्रीच्या आत तिने प्रसंग लिहिला, आणि वाईट याचं वाटलं की चांगला झाला.

मोठीला आधी सांगायला हवं होतं. फोन तिने दोनदा उचलून ठेवला. शेवटी भाग लागून गेल्यावर ती तिच्या घरी गेली. मोठीने कमरेला पट्टा बांधून दार उघडलं.

“ये. बघितलं मी.”

चहा झाला. नवी मुलगी बरी काम करते, असं मोठी म्हणाली. पण खोलीतलं कपाट नीट बंद होतं, कडी लावलेली. लेखिकेचं तिकडे लक्ष गेलेलं मोठीने पाहिलं.

“शेजारीण आलेली काल. तिला ते उघडं दिसलं. म्हणाली, ‘काय हो, सुटलात तरी मालिका डोक्यातून जात नाही का? त्या नवीचं बघून घरी पण करताय.’ हसत होती बिचारी. सव्वीस वर्षं उघडं होतं ते. आता हात लावला की वाटतं, मी नक्कल करतेय.”

लेखिका म्हणाली, “मला ते तेव्हा बघवलं नाही गं. चादर दातांत धरली होतीस तू.”

“मग? आणखी अर्धा तास धरली असती. पहिल्यांदा मागितलं होतं तुझ्याकडे काहीतरी.” मोठीने कप उचलले. “तुला माझ्या कंबरेची दया आली. जा आता, शूटिंग असेल. त्या मुलीला ताटकळत ठेवू नकोस, तिने काही केलेलं नाही.”

सेटवर नवी मेकअपच्या खोलीत मोठीच्याच खुर्चीत बसली होती. पोरगी मनापासून काम करणारी होती, मांडीवर वही उघडी होती.

“ताई, एक विचारू? मोठीच्या मनातलं नीट समजून घ्यायचंय मला. ती लेक, ते कपाट, हे कुणाचं खरं आहे का?”

लेखिकेने शेजारची खुर्ची ओढली, पण बसली नाही.

“नाही,” ती म्हणाली. “रचलेलं आहे. सगळं मीच रचलंय.”

“कमाल सुचतं हो तुम्हाला,” नवी म्हणाली, आणि तिने ते वहीत लिहून घेतलं.