लग्नाची खरी तारीख

बुकबाइंडर वारला त्याला तीन आठवडेही झाले नव्हते, तोच त्याच्या धाकट्या भावाचा अर्ज नोंदणी कार्यालयात पोचला. थोरल्या भावाला बायको नव्हती, मूलबाळ नव्हतं, तेव्हा कारखाना माझ्या नावावर करावा, असं त्यात लिहिलं होतं.

बायको चांगली जिवंत होती. सव्वीस वर्षं नवऱ्याच्या शेजारी बसून पुस्तकं शिवत होती. बावीस वर्षांची मुलगीही होती. पण लग्न लागलं होतं प्रोटेस्टंट पाळकासमोर, सुताराच्या कारखान्यात, दारं लावून. तेव्हा सरकार फक्त सरकारमान्य मोठ्या चर्चच्या वहीतलं लग्न खरं मानायचं; बाकी पंथांवर पोलिसांची नजर असायची. चार वर्षांपूर्वी कायदा बदलला. दोन साक्षीदार आणले की पाळकाने लावलेलं जुनं लग्नही नोंदवता येऊ लागलं. नवरा म्हणायचा, "आपण नवरा-बायको आहोत हे सांगायला त्यांचे उंबरे कशाला झिजवायचे?" ते राहूनच गेलं.

अर्जाच्या सुनावणीच्या दिवशी ती लग्न नोंदवायला मुलीला आणि त्या सुताराला, आता म्हाताऱ्या झालेल्या, घेऊन गेली.

"हा साक्षीदार तुमच्याच पंथाचा," कारकून म्हणाला. "चालणार नाही."

"कायद्यात तसं आहे?"

"इथली पद्धत आहे, बाई."

"मग कायदा काढा आणि वाचा. रांगेतल्यांना ऐकू जाईल असा."

कारकुनाने नाइलाजाने पुस्तक उघडलं. "कोणतेही दोन सज्ञान साक्षीदार," तो पुटपुटला. "पण दुसरा कुठाय?"

ती बाकाकडे वळली. तिथे दीर मान खाली घालून बसला होता. पालिकेतल्या नोकरीसाठी त्याने कधीच मोठं चर्च धरलं होतं.

"भाऊजी, त्या दिवशी दाराबाहेर पहाऱ्याला तुम्हीच होतात. पोलीस दिसले तर खोकायचं ठरलं होतं. आठवतं ना?"



"काका," मुलगी म्हणाली, "मी कोणाची, तेवढं सांगा यांना."

दीर उठला. "झालं होतं लग्न," तो म्हणाला. "शपथेवर सांगतो."

कारकुनाने फॉर्म भरला. मुलीने वाकून पाहिलं. लग्नाच्या रकान्यात आजची तारीख होती.

"आज लग्न झालं?" आईचा आवाज चिरका झाला. "माणूस मातीत गेलाय माझा. आणि ही पोर लग्नाआधीची ठरवता? नोंद आजची लिहा, लग्न तेव्हाचं लिहा."

त्याने खाडाखोड केली, खरी तारीख घातली, शिक्का मारला. "झालं ना काम? मग एवढं तापायला काय झालं?"

"माझा कारखाना गिळायला निघालेल्याचीच साक्ष लागली मला, नवऱ्याची बायको ठरायला. तुमच्या बायकोला लागते का हो अशी साक्ष?"

कारकुनाने पुढच्या माणसाला हाक मारली.

बाहेर दीर अडखळत म्हणाला, "वहिनी, अर्ज मागे घेतो मी."

"घ्या. पण तो लिहिताना तुमचा हात कसा धजला, ते सांगा आधी."

उत्तरासाठी ती थांबली नाही. तिच्या प्रार्थनामंडळात अजून सात जोडपी बिननोंदीची होती. त्याच दिवशी ती सातही घरी जाऊन आली. कुणी म्हणालं, बघू. कुणी म्हणालं, पुढच्या महिन्यात.

"उद्या दहा वाजता," ती प्रत्येक दारात म्हणाली. "कायद्याची प्रत मी आणते. कारकुनालाच वाचून दाखवायला लावू."