पुढच्या चाकांपाशी

मुलाने गिअरशेजारची छोटी दांडी जोरात ओढली आणि पुन्हा ॲक्सिलरेटर दाबला. मागच्या चाकांनी चिखलाचा फवारा उडवला आणि ओहोळाच्या मधोमध गाडी आणखी वीतभर खाली बसली.

"फोर व्हील टाकलीये," तो म्हणाला. "मग निघत का नाही?"

त्याची आई शेजारच्या सीटवर मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. घरातून निघाल्यापासून ती एकदाच बोलली होती. फाटकाबाहेरच्या कोरड्या, पक्क्या रस्त्यावरच त्याने या दांडीला हात घातला तेव्हा. "कोरड्यावर ही ओढायची नसते. गाडी आखडते, नीट वळत नाही." त्यावर त्याने लहान मुलाची समजूत काढावी तसं "बरं, बरं" केलं होतं.

मागच्या बाजूला तिच्या संसारातलं मोजकं सामान भरलं होतं. माळावरची रोपवाटिका शेजाऱ्याच्या हवाली झाली होती. शहरात मुलाच्या घरी तिच्यासाठी खोली तयार होती आणि या गाडीसाठी गिऱ्हाईक. मुलगा काही वाईट नव्हता. रोपं पोचवायला निघालेली आई वाटेत अडकली होती, हे कुणीतरी त्याच्या कानावर घातलं, आणि तेव्हापासून त्याने भुणभुण लावली होती. या वयात, एकटी, असला रस्ता, असली खटारा गाडी! शेवटी तिने हो म्हटलं. तिला जायचं नव्हतं, जराही नव्हतं. पण रोज रोज नाही म्हणायचाही माणसाला कंटाळा येतो.

"बाबा नुसती ही दांडी ओढायचे आणि गाडी सुळकन बाहेर," मुलगा घाम पुसत म्हणाला. "मी मागे बसून बघायचो ना."

"आणि मी कुठे असायचे?"

"तू? तू पुढे. बाबांच्या शेजारी."

"नीट आठव."

त्याने आठवून पाहिलं. वडिलांची रुंद पाठ आठवली, दांडीवरचा त्यांचा हात आठवला. शेजारच्या सीटवर आई काही केल्या दिसेना.

"मी खाली असायचे," ती म्हणाली. "पुढच्या चाकांपाशी. चाकाच्या मधोमध एक चकती असते, ती हाताने फिरवावी लागते. दोन्हीकडची. तोवर पुढच्या चाकांना जोर मिळत नाही, ही दांडी नुसती शोभेची. तुझे बाबा कधी उतरले नाहीत. चिखलात गुडघे टेकून मी चकत्या फिरवायचे, आणि पलीकडे पोचलो की लोक त्यांची पाठ थोपटायचे."

हे तिने आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगताना तिचा आवाज चढला, आणि चढला याचं तिला बरंच वाटलं.

"मग आता एकटी असतेस तेव्हा?"

"चिखल लागायच्या आधी, फाटकातच फिरवून ठेवते. एकदाच विसरले, तर गावभर बोभाटा झाला. आज मला कुणी विचारलंच नाही."

मुलाने आपल्या बुटांकडे पाहिलं. मग तिच्या गुडघ्यांकडे.

"गुडघे ठीक आहेत माझे," ती म्हणाली. "पण आता तू उतर."

तो उतरला. पोटरीभर चिखलात वाकून त्याने हात घातला, चाचपलं, पुटपुटला.

"घट्ट आहे गं!"

"मलाही घट्टच लागायची. जोर लाव."

दुसऱ्या चाकाची चकती फिरवून तो उभा राहिला, तेव्हा आई चालकाच्या जागेवर सरकलेली होती. हुज्जत घालायची त्याच्यात ताकद उरली नव्हती. चिखल तुडवत तो पलीकडच्या काठावर, शहराकडच्या डांबरी रस्त्यापाशी गेला आणि दोन्ही हातांनी खुणा करू लागला. ये, ये, हळू ये.

तिने अलगद क्लच सोडला. पुढची चाकं जमीन धरू लागल्याचं तिला तळहातांत जाणवलं. समोर मुलगा होता, डांबरी रस्ता होता, त्याच्यापुढे ती तयार खोली. तिने एकदा आरशात पाहिलं आणि गिअर बदलून रिव्हर्स टाकला.

गाडी गुरगुरत आपल्याच चाकोरीतून मागे सरकली आणि घराकडच्या काठावर चढली. कोरडी जमीन लागताच तिने दांडी सोडवली.

"आई! अगं, पुढे! इकडे!"

तिने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"कळतं मला, कुठे जायचं ते."

"गिऱ्हाईक येऊन बसलंय तिकडे!"

"त्याला सांग, गाडी विकायची नाही. चालवणारी आहे अजून."

"आणि खोली? तुझ्यासाठी केलेली?"

"येईन की. चार दिवस, पाहुणी म्हणून."

त्याने खिशातून फोन काढला, त्याच्याकडे बघत राहिला आणि परत खिशात टाकला. मग पँट वर दुमडून तो ओहोळात उतरला. या काठावर येईपर्यंत कमरेपर्यंत माखला होता. काही न बोलता तो पुढच्या चाकापाशी गुडघ्यांवर बसला.

"आता कोरडं लागलं," तो चकतीवर हात ठेवून म्हणाला. "या उलट फिरवायच्या ना?"

"राहू दे. दांडी सोडवली की चकत्यांचं काही बिघडत नाही," ती म्हणाली. "उद्या तुला पलीकडे सोडायला इथूनच यायचंय. चढ आत."