मखरातला डावा कौल

दिवस कलला की तळीवाडीतल्या माणसांची पावलं विठू मांडवकराच्या घराकडे वळायला लागली होती. पूर्णगडच्या अलीकडे, कातळावर वसलेली ही वाडी. एरवी या वेळेला माणसं आपापल्या ओट्यावर बसून दुसऱ्याच्या घरातली खबरबात घ्यायची. आता ती विठूच्या पडवीत दाटीवाटीने बसून छताला टांगलेल्या एका पांढऱ्या गोळ्याकडे टक लावून बघत होती. बाहेर अंधार दाटला की तो गोळा आपोआप पेटायचा. कोणी उठलं नाही, कोणी बटण दाबलं नाही, आणि पडवी उजळली! बायका कपाळाला हात लावायच्या, पुरुष घसा खाकरायचे आणि लहान पोरांना गप्प बसायला सांगितलं जायचं.

मग विठूमहाराज बोलायला लागत. हे महाराज अगदी कालपरवापर्यंत मुंबईत लग्नाच्या हॉलना रोषणाई करत असत, हे वाडीत सगळ्यांना ठाऊक होतं. पण भक्तीच्या भरात असल्या गोष्टी कोण आठवत बसतो?

"ह्याला दिवा म्हणू नका," महाराज सांगत. "ही नुसती बसायची जागा. देव विजेच्या तारेवरून येतो, इथं बसतो, तुमचं ऐकतो आणि जातो. बिल तेवढं आमच्या नावावर येतं."

यावर सगळे माना डोलवत. देवाच्या विजेचं बिल महाराज एकटे सोसतात याचं कित्येकांना वाईटही वाटे.

गावदेवाला कौल लावायची पद्धत इकडे पिढ्यान्‌पिढ्यांची. देवाच्या अंगावर दोन्ही बाजूंना पाकळ्या चिकटवायच्या आणि मनातलं विचारायचं. उजवीकडची पाकळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. विठूने पाकळ्यांची कटकटच काढून टाकली. महाराज एका हाताने जप करत, म्हणजे तो हात गोमुखीत असे. गोमुखी ही जपमाळ झाकायची कापडी पिशवी. तर्जनी बाहेर ठेवायला तिला एक भोक असतं. माणसाने प्रश्न विचारला की महाराज डोळे मिटून "हूं" म्हणत आणि वरचा गोळा रंग बदले. हिरवा म्हणजे उजवा कौल, लाल म्हणजे डावा.

वाडीतला गंगाराम या रंगांवरच भाळला होता. त्याचा जन्म मालवाहू जहाजांवर गेलेला. जहाजाच्या डाव्या अंगाला लाल दिवा आणि उजव्या अंगाला हिरवा, हा नियम साऱ्या जगाच्या समुद्रावर एकच. देवाने डाव्या कौलाला लाल आणि उजव्याला हिरवा निवडलेला पाहून त्याच्या अंगावर काटा आला. विठू कधी बोटीवर चढलेला नव्हता, त्याला मचव्यातसुद्धा ओकारी यायची. मग हे ज्ञान त्याला दिलं कोणी? गंगारामने स्वतःशीच उत्तर दिलं आणि त्या दिवसापासून तो पुढच्या रांगेत बसू लागला.

त्याचा प्रश्नही डाव्याउजव्याचाच होता. त्याची बायको सुनंदा हिच्या डाव्या डोळ्याने आधीच हात टेकले होते आणि उजव्यातला मोतीबिंदू पुरता पिकला होता. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की आता थांबू नका. पिकलेला मोतीबिंदू तसाच ठेवला तर डोळ्यातला दाब वाढेल आणि मग ऑपरेशन करूनही दिसणार नाही. तारीखसुद्धा दिली होती. सुनंदा तयार होती. तयार नव्हता तो गंगाराम. त्याच्या आत्याचा डोळा लहानपणी त्याच्यादेखत गेला होता, कुठल्याशा वैदूने चिरल्यामुळे, आणि तिच्या डोळ्यावरची ती पट्टी त्याच्या नजरेसमोरून कधी हटली नव्हती. वादळात डोलकाठीवर चढलेला हा माणूस दवाखान्याच्या पायरीशी घामाघूम व्हायचा.

कौल लावण्याआधी महाराज प्रत्येकाला आत नेऊन चहा पाजत आणि घरची विचारपूस करत. गंगारामने चहाबरोबर आत्याची सगळी कथा सांगितली. मग तो सुनंदाला घेऊन दिव्याखाली बसला आणि विचारलं, ऑपरेशन करावं काय? दिवा लाल झाला.

घरी येताना सुनंदाने त्याचा दंड धरला होता. अंधार पडला की आताशा ती तशीच चाले.

"मला लाल पण दिसला नाय नि हिरवा पण दिसला नाय," ती म्हणाली. "नुसता धुरकट उजेड. तुमी लाल म्हणालात म्हणून लाल."

सकाळी गंगारामने दवाखान्यात फोन करून तारीख रद्द केली.

त्यांची सून रसिका हायस्कुलात विज्ञान शिकवायची. नवरा राजेंद्र मुंबईला, ही सासू-सासऱ्यांजवळ. ती सासऱ्यांशी एकदा बोलली, दुसऱ्यांदा बोलली, आणि उत्तर म्हणून जहाजाच्या दिव्यांचं व्याख्यान ऐकून गप्प झाली. मग एका संध्याकाळी "मी पण येते दर्शनाला" म्हणत त्यांच्याबरोबर निघाली. गंगाराम सुखावला. त्या दिवशी नेमकी वीज गेली आणि थोड्या वेळाने आली. आली तेव्हा गोळा आधी लख्ख पांढरा पेटला. महाराजांनी लगेच खुलासा केला की देव लांबून आलाय, पाय धुतोय. सगळ्यांनी हात जोडले. रसिका मात्र मान वर करून दिव्यापेक्षा त्याच्या होल्डरकडेच जास्त बघत होती.

चतुर्थी जवळ आली तशी ती रत्नागिरीच्या बाजारातून एक पिशवी घेऊन आली. आतल्या सामानाला एका चांगल्या सुरमईपेक्षाही कमी पैसे पडले होते. पडवीत तिने अंधार पडला की आपोआप लागणारं होल्डर बसवलं. न्हाणीघराच्या वाटेवर माणसाची चाहूल लागली की पेटणारा दिवा लावला. गणपतीच्या मखरामागे रंग बदलणारा एक बल्ब लपवला आणि तो मंद पिवळ्यावर ठेवला. त्या उजेडात थर्माकोलचं मखरसुद्धा चंदनाचं वाटायला लागलं.

"घराची सर्कस केलीस गो," गंगाराम म्हणाला.

पण सर्कशीचा उपयोग होता. न्हाणीघराच्या वाटेवर सुनंदाचा पाय उंबऱ्याला ठेचकाळायचा थांबला. पडवीतला दिवा रोज तिन्हीसांजेला पेटू लागला आणि गंगारामला त्याला हात जोडावेसे वाटले नाहीत, हे त्याचं त्यालाच चमत्कारिक वाटलं. हा आपोआप कसा लागतो, असं त्याने सुनेला विचारलं. रसिकाने भर दुपारी ते होल्डर हाताने झाकलं. दिवा लागला. हात काढला, दिवा विझला.

"ह्याला उजेड कळतो, बाबा. बाकी काही कळत नाही."

"तुझा दिवा नुसता लागतो," गंगाराम हट्टाने म्हणाला. "तिकडचा बोलतो."

गणपती बसले. वाडीच्या रिवाजाप्रमाणे सगळी मंडळी घरोघर आरतीला फिरते, आणि जो आरतीला येणार नाही त्याच्या घरी पुढच्या वर्षी कोणी फिरकत नाही. त्यामुळे महाराज झाले तरी विठूला येणं भाग होतं. तो गंगारामकडे आला, मखरासमोरच्या पाटावर बसला आणि सवयीने हात गोमुखीत घातला. माणसं गोळा होईपर्यंत इकडचंतिकडचं बोलणं चाललं होतं. तेवढ्यात शेजारच्या काशीने संधी साधली. यंदा म्हैस गाभण राहील काय, असं तिने महाराजांना विचारलं.

आता इथे त्यांचा गोळा नव्हता. विठूने हसून वेळ मारून न्यायला हवी होती. पण वर्षभराची सवय अंगात मुरलेली. त्याने डोळे मिटले, "हूं" म्हटलं, आणि गंगारामच्या मखरातला मंद पिवळा उजेड झटकन लाल झाला.

खोलीतली सगळी माणसं दचकली. सगळ्यात जास्त दचकला तो विठू. पण रोषणाईवाला माणूस, सावरायला त्याला वेळ लागला नाही. जिथे मी तिथे ज्योत, असं तो म्हणाला, आणि दोघातिघांनी त्याचे पायही धरले. काशी म्हशीच्या विचाराने रडवेली झाली.

गंगारामने सुनेकडे पाहिलं. तिलाही हे अनपेक्षित होतं. मग तिला हसू आवरेना. तिने मखराच्या मागे हात घालून बोटभर लांबीचं एक रिमोट काढलं आणि सासूच्या हातात दिलं.

"आई, मखराकडे धरा. यातलं कुठलंही बटण दाबा."

सुनंदाने चाचपून एक दाबलं. मखर हिरवं झालं. तिने दुसरं दाबलं. मखर जांभळं झालं.

"काय झालं गो?" तिने विचारलं.

"जांभळं झालं, काकी," मागून कोणीतरी सांगितलं.

"मग मी पण महाराज," सुनंदा म्हणाली.

माणसं हसली. टाळकऱ्यांतल्या एकाने गंभीर चेहऱ्याने विचारलं की जांभळा कौल पडला तर म्हशीने काय समजायचं. विठू मात्र घट्ट बसून होता. हे बाजारातलं खेळणं आहे, माझ्या हातात फक्त जपमाळ आहे, असं म्हणत त्याने गोमुखी उंच धरली. तेव्हा गंगारामला ते भोक दिसलं. त्यातून तर्जनी बाहेर आलेली नव्हती. बाहेर काळं, चकचकीत, मसुराएवढं काहीतरी डोकावत होतं.

गंगारामच्या मनात त्या क्षणी काय काय झालं ते सांगणं अवघड आहे. राग आला, आणि रागाच्या आधी लाज आली. तो उठला, कोनाड्यातले टाळ घेतले आणि अदबीने विठूसमोर धरले.

"महाराज, आरती उभी राहिली. टाळ घ्या."

टाळ एका हाताने वाजत नाहीत. आणि गणपतीपुढे टाळ नाकारणारा महाराज अजून कोकणात जन्मायचा होता. विठूने गंगारामकडे पाहिलं, मखराकडे पाहिलं, आणि हळूच हात बाहेर काढून टाळ घेतले. तो उठताच मांडीवरची गोमुखी जमिनीवर पडली. तिच्यातून जपमाळ आली नाही. रसिकाच्या रिमोटचा सख्खा भाऊ घरंगळत काशीच्या पायाशी आला.

आरती मात्र पूर्ण झाली. विठूने टाळ चांगले वाजवले.

प्रसाद वाटता वाटता रसिकाने सगळं उलगडलं. अंधार कळणारं होल्डर आपल्या पडवीत आहे तेच तिकडे आहे. दिव्यात रंगीत एलईडी आहेत आणि रिमोट डोळ्याला न दिसणारा प्रकाश सोडून त्यांना हुकूम देतं. स्वस्तातल्या या सगळ्या दिव्यांना तोच एक हुकूम कळतो, म्हणून त्यांच्या रिमोटवर आपलं मखर नाचलं. वीज जाऊन आली की असा दिवा आधीचा रंग विसरतो आणि पांढरा पेटतो. पाय वगैरे कोणी धूत नाही. काशीला तिने म्हैस जनावरांच्या डॉक्टरला दाखवायला सांगितलं.

"पण लाल आणि हिरवाच का?" गंगारामने विचारलं. जहाजाचा धागा अजून त्याच्या हातातून सुटत नव्हता.

रसिकाने रिमोट पुढे केलं. लाल आणि हिरवं बटण शेजारीशेजारी होतं, न बघता अंगठ्याला सापडेल असं. बस्स, एवढंच. गंगारामला हे सगळ्यात जास्त लागलं.

माणसं पांगली तेव्हा विठू ओट्यावर चपला शोधत होता. गंगाराम त्याच्याजवळ जाऊन उभा राहिला.

"विठू, बाकी राहू दे. माझ्या बायकोच्या डोळ्याला लाल बटण का दाबलंस?"

विठूने मान खाली घातली. मग तो जे बोलला ते, महाराज झाल्यापासूनचं, त्याचं पहिलं खरं बोलणं असावं.

"काका, चहा पिताना तुमी आत्याच्या डोळ्याचीच गोष्ट सांगत होता. तुमाला नाय हवं होतं. मी जा म्हटलं असतं आणि काय वाकडं झालं असतं तर तुमी माझ्या दारात आला असता. नाय म्हटलं की कोण विचारायला येत नाय. मी बहुतेकांना नायच म्हणतो."

गंगाराम ओट्यावरच बसला. त्याचीच भीती त्याने दुसऱ्याच्या हातात दिली होती, आणि ती रंगीत होऊन परत आली तेव्हा तिच्या पाया पडला होता. तिची किंमत सुनंदा मोजणार होती, जिला तो रंगसुद्धा दिसला नव्हता. सकाळी त्याने स्वतः दवाखान्यात फोन केला आणि नवी तारीख घेतली. डॉक्टरांनी उशीर केल्याबद्दल त्याला बोल लावले. ते त्याने ऐकून घेतले.

दिवा हौसेने लावावा. मखराला लावावा, पडवीला लावावा, म्हाताऱ्या माणसाच्या वाटेवर तर जरूर लावावा. पण त्याला सल्ला विचारू नये. डोळ्याचं डोळ्याच्या डॉक्टरला विचारावं, म्हशीचं म्हशीच्या डॉक्टरला. आणि कोणी आपल्यासमोर चमत्कार केला तर हात जोडण्याआधी एवढंच बघावं की त्या माणसाचे दोन्ही हात कुठे आहेत.

ऑपरेशन झालं. पट्टी निघाली. घरी आल्यावर तिन्हीसांजेला सुनंदा पडवीत आरामखुर्चीवर बसली. गणपती गेल्यावर रसिकाने मखरातला बल्ब पडवीतल्या होल्डरला लावला होता. अंधार दाटताच तो पेटला. सुनंदाने रिमोट उचललं, बटणं नीट निरखली आणि एक दाबलं. गंगाराम शेजारी उभा होता. रंग कुठला ते सांगायला त्याने तोंड उघडलं आणि मिटलं.

सुनंदाने मान वर केली.

"हिरवा हाय," ती म्हणाली. "आणि त्याच्या मागे जळमटं हायत. किती दिवसांची हायत ती, कोणाला दिसली नायत?"

गंगाराम काही न विचारता झाडू शोधायला आत गेला.